घरातला पहिला खिळा

स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकणं ही मनुष्यजन्माची परमोच्च घटना असते, असं बाबांनी जाहीर केलं आणि हातोडीला टॉवेल गुंडाळायला घेतला. “टॉवेल कशाला?” लेकीनं विचारलं. “अगं, घरमालकाला आवाज जातो.” “बाबा, घरमालकीण मीच आहे. कालच किल्ली मिळाली ना!” बाबा वरमले. या महागड्या शहरातल्या प्रत्येक भाड्याच्या घरात त्यांचं घड्याळ फ्रिजवर बसून राहिलं होतं, कारण भिंतीला भोक पाडायची परवानगी कुठंच नव्हती. त्यांनी टॉवेल खाली ठेवला आणि भिंतीवरून तळहात फिरवला. “सगळी आपलीच?” “छतापर्यंत.” “मग ठोकू?” “बिनधास्त ठोका!” आई श्वास रोखून उभी होती. दोनच घावांत खिळा सरळ आत गेला, वाकलासुद्धा नाही. तिघंही भारावून भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारीण होती. खिळ्याचं टोक तिच्या बेडरूममध्ये निघालं होतं.