शेजारच्या नेटवरचा पाळणा

"शेजाऱ्याचं नेट चोरून वापरलंस, तर त्याचं घर तुला घरचंच माणूस समजेल," असं नवऱ्याने बजावलं होतं. ऋजुताने ते हसण्यावारी नेलं आणि बाळाचा स्मार्ट पाळणा शेजारच्या शेवडेकाकांच्या नेटला जोडला. तेव्हापासून पाळणा अंगाई गाता गाता मध्येच बाळाला बीपीची गोळी घ्यायला सांगायचा.

आज पाळणा म्हणाला, "घरच्यांनो, काका न्हाणीघरात पडलेत."

गेलं तर चोरी उघडी पडणार होती. तरी ती बाळाला कडेवर घेऊन धावली. घरचंच माणूस म्हणून दार आपोआप उघडलं.

काका पाय धरून फरशीवर बसले होते. "आलीस? तू नेट वापरतेस हे कळूनही पासवर्ड उगाच नाही तसाच ठेवला, बाई."

तुम्हीही कुणाचं नेट वापरत असाल, तर आधी उठा आणि त्यांना बघून या.