पहिला मान

सकाळी डॉक्टरांनी बायको गेल्याचं सांगितलं आणि त्याच दुपारी आमच्या स्मशानात नव्या दाहिनीचं उद्घाटन होतं. सरकारने खर्च करून उभारलेली, उन्हाच्या विजेवर चालणारी, धूर न सोडणारी दाहिनी.

तिथल्या अधिकाऱ्याचा फोन आला. "काका, वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण मंत्रीसाहेब येतायत. काकूंना पहिला मान मिळेल."

"लेक निघालीय हो. संध्याकाळी पोचेल."

"साहेब कुठे थांबतायत तोवर? लेकीला व्हिडिओ पाठवू की."

मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला सवय नाही. मी हो म्हणालो.

हवा आता किती स्वच्छ राहील, यावर साहेब बरंच बोलले. मग त्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. सगळे वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

संध्याकाळी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत मला?"

"अगं, ती दाहिनी उन्हावर चालते. ऊन उतरल्यावर बंदच पडली असती."

तिने डोळे पुसले आणि माझ्याच पाठीवर हात ठेवला. "मग तुम्ही तरी काय करणार? जाऊ दे. जन्मभर चुलीच्या धुराने खोकली, शेवटी तरी सुटली त्यातून."

दाहिनी बॅटरीवर रात्रभर चालते. अधिकाऱ्याने फोनवरच तसं सांगितलं होतं. लेकीला हे सांगायचं अजून राहिलंय.