घरचा इंजिनिअर

बायकोचा फोन सुरूच होईना. नुसता कंपनीच्या चिन्हावर अडकून बसला होता. "दुकानात टाकते," ती म्हणाली. "घरात इंजिनिअर असताना?" म्हणत मी तिला उडवून लावलं.

ती ऑफिसला गेल्यावर टेबलावर निपचित पडलेला फोन मी लॅपटॉपला जोडला. व्हिडिओ बघत जुनं सॉफ्टवेअर पुसलं, नवं चढवलं. फोटो, नंबर, सगळं गेलं. पण फोन सुरू झाला आणि मी चक्क नाचलो.

संध्याकाळी ती दारात दिसताच फोन पुढे केला. "घे, जिवंत केला तुझा फोन!"

तिने पर्समधून तसाच दुसरा फोन काढला. "अरे, माझा तर मी जातानाच दुकानात टाकला होता. हा बघ, फोटोंसकट नीट झाला."



म्हणजे टेबलावर चार्जिंग संपून पडलेला तो फोन माझाच होता!

"एकसारखे फोन घ्यायला नको म्हणत होते ना मी!" ती म्हणाली.