पाण्याचा हात

रझाकारांच्या भीतीनं हळ्ळीखेड सोडून सोमशेखर, त्याची बायको चन्नम्मा आणि त्याची आई डोंगराडोंगरानं सोलापूरच्या हद्दीकडं चालले होते. दुसऱ्या दिवशी चढ लागला, तेव्हा सोमशेखरनं म्हाताऱ्या आईला झाडाखाली बसवलं. "गाडी घेऊन येतो, अव्वा." एवढं खोटं बोलताना त्याची जीभ झडली नाही. तिला तिथंच सोडून दोघं पुढं निघाली.

पाचव्या दुपारी चन्नम्मानं तीन दगडांवर तवा ठेवला, भाकर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरीवर चार बोटांऐवजी तीनच उठली. मधल्या बोटाची जागा कोरी.

म्हातारीचं ते बोट उसाच्या चरकात गेलेलं.

"कामून खेळ करायलीस?"

चन्नम्मानं हात पुढं केला. बोटं धड होती. "तुमीच फिरवून बगा की."

त्यानं चिडून दुसरी भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

तीनच बोटं उठली. बारीक, म्हाताऱ्या बाईची.