इंजिन बंद

होडीच्या कडेला ठळक अक्षरांत ‘वाइल्डलाइफ क्रूझ’ रंगवलं होतं. तळाला कालच्या मासळीचे खवले तसेच चिकटलेले होते. लाइफ जॅकेटला आधीच्या कुणाचा तरी घाम होता. उमाने ते वडिलांच्या, व्यंकटरावांच्या अंगावर चढवलं आणि हात रुमालाला पुसले. नंतर रुमालालाही वास आला.

समोर औरंगपुऱ्यातले एक नानासाहेब सहकुटुंब बसले होते. त्यांनी नाथसागरात गुटखा थुंकला, मागोमाग वेफर्सचं रिकामं पाकीट टाकलं. पाकीट बुडेना. तिकीट काढल्यासारखं होडीबरोबरच येत राहिलं.

लांब पाण्यावर एक पांढुरकी रेघ दिसली.

“सांडूभाऊ, इंजिन बंद करा,” उमा नावाड्याला म्हणाली. “आवाजानं उडतील.”

“उडायलाच पायजेत ना ताई,” नानासाहेब म्हणाले. “बसलेल्या कोंबड्या घरी लई हायेत.”

“अहो, खाऊ द्या त्यांना. किती लांबून आलेत ते.”

“आम्ही काय जवळून आलो व्हय? बिडकीनलाच तासभर अडकलो.”

सांडूने इंजिन बंद केलं. डिझेलचा धूर होडीतच बसून राहिला.

“अण्णा, ते बघा फ्लेमिंगो. सरळ समोर.”

व्यंकटरावांनी मान पुढे काढली. पावसाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर त्यांनी एवढंच मागितलं होतं, की एकदा फ्लेमिंगो दाखव.

“पाणी दिसतंय,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “पाणी छान आहे.”

“अजून जवळ घेता येईल का?” उमाने विचारलं.

“नाय ताई. म्होरं गाळ हाय, होडी रुतंल,” सांडू म्हणाला.

तेवढ्यात नानासाहेब उठले. त्यांनी जेवणाचा स्टीलचा डबा बाकावर दणादणा बडवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांच्या तोंडातला सगळा लाल ऐवज उमाला दिसला. ती बोलणार, इतक्यात ती रेघ पाण्यावरून उठली. हजारो पंख एकदम उघडले.

“अरे,” अण्णा म्हणाले. त्यांनी उमाचं मनगट धरलं. “अगं, गुलाबी.”

पक्षी पार पलीकडच्या उथळात उतरले. पुन्हा पांढरी रेघ झाली.

“गेले का गं?”

उमाने पाण्याकडे बघितलं. वेफर्सचं पाकीट होडीला येऊन टेकलं होतं.

“सांडूभाऊ, इंजिन चालू करा. जमेल तेवढं तिकडे घ्या,” ती म्हणाली. मग नानासाहेबांकडे न बघताच तिने हात पुढे केला.

“तो डबा द्या जरा.”