त्रास नाही

“उलटी?” नर्सने विचारलं.

“नाही.”

“चक्कर?”

“छे!”

मास्तरांनी वही पुढे केली. पाच आठवडे, रोज एकच ओळ, वळणदार अक्षरात: त्रास नाही. शेजारी बसलेल्या मुलीने मान खाली घातली. सकाळीच तिने बापाला न्हाणीघरातून उचलून आणलं होतं.

मास्तरांच्या रक्ताच्या कर्करोगापुढे सगळ्या औषधांनी हात टेकले होते. उरली होती ती चाचणीतली ही नवी गोळी. त्रास होतो म्हटलं की चाचणीतून नाव कटतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खोटं बोलणाऱ्या पोरांचे जन्मभर कान पिळले आणि म्हातारपणी हे धंदे! रोज वही उघडताना त्यांना स्वतःची लाज वाटायची. पण जीव कुणाला नको असतो?

पहिल्या गटात तिघंच होती: मास्तर, एक ट्रकवाला आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई. पलीकडच्या बाकावर बसलेली ती दोघंही वहीत कधी तक्रार लिहीत नसत. आपल्या एकट्याच्या थापेने असं काय आभाळ कोसळणार आहे, असं मास्तर मनाला समजावायचे.

तेवढ्यात डॉक्टर खुशीत बाहेर आले.

“तिघांनाही काही त्रास नाही! सोमवारपासून पुढच्या गटाला दुप्पट डोस.”

पुढच्या गटातली पहिली पेशंट समोरच बसली होती. मांडीवर तान्हं मूल.

“काका, सोसते ना हो ही गोळी?” तिने मास्तरांना विचारलं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते भिंतीला धरून उठले.

“डॉक्टर, मी खोटं लिहिलं. रोज उलट्या होतात. दोनदा शुद्ध हरपली. मला काढून टाका हवं तर, पण या पोरीला दुप्पट देऊ नका!”

मास्तरांची मुलगी रडायला लागली. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

“काढलं नसतं हो, मास्तर. तुमचा डोस कमी केला असता, एवढंच. नशीब, बाकी दोघांच्या वह्या तरी खऱ्या आहेत.”

बाईंनी ट्रकवाल्याकडे पाहिलं. तो चाचरत उभा राहिला.

“साहेब, उलट्या आम्हालाही होतात. पण मास्तरांची वही पाहिली आणि वाटलं, दोष गोळीचा नसणार. मग आम्हीही तेच लिहीत गेलो. म्हटलं, मास्तर कशाला खोटं लिहितील?”