वळणावरचा एकोणिसावा

सकाळपासून उभं राहून अपघात विभागातल्या सिस्टरचे पाय भरून आले होते. शाळेजवळच्या वळणावर ट्रकने उडवलेल्या पोस्टमनने अखेर डोळे उघडले, तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली. त्या एकाच वळणावरून या वर्षात आलेला हा एकोणिसावा. तिने रस्ते खात्यात कारकून असलेल्या धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, त्या वळणावर स्पीड ब्रेकर बसवायला मुहूर्त शोधताय का? आज आणखी एक आलाय."

"गेला का?" भावाने घाईघाईने विचारलं.

"जिभेला काही हाड? मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलंय त्याला आम्ही."

पलीकडे फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ताई, मी तीनदा फाइल वर पाठवली. तिन्ही वेळा परत आली. वर्षात एका जागी तीन माणसं मेली, तरच मंजुरी मिळते. जखमी धरत नाहीत." तो थकल्या आवाजात म्हणाला. "एकोणीसपैकी दोघं तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच गेले. बाकीच्या सतरा जणांना तू जाऊ दिलं नाहीस, म्हणून फाइल अडलीये."